कोऱ्या चहातला व्हॅनिला : गोडी जिभेवर की नाकात?

परभणीचे बसस्थानक असो, सेलूचा बाजार असो की जिंतूरच्या रस्त्यावरची टपरी असो, तिथे मिळणारा चहा साधारण सारखाच असतो. दूध भरपूर, साखर त्याहून भरपूर, पत्ती खळखळून उकळलेली आणि ऋतुमानाप्रमाणे आले, वेलची किंवा गवती चहा. या चहाची चव कशी आहे, असे विचारले तर उत्तर एखाद्या शब्दात मिळते : 'गोड आहे', 'कडक आहे', नाहीतर 'पांचट आहे'.

मोठ्या दुकानांत आता आणखी एका प्रकारचा चहा मिळतो. त्यात काळ्या चहापत्तीला व्हॅनिलाचा वास दिलेला असतो. तो दूध न घालता, कोराच प्यायचा असतो. बिनसाखरेचा असा चहा पिऊन पाहिला तर तो किंचित गोड असल्यासारखा वाटतो. डब्यावरची घटकांची यादी वाचली तर तिच्यात साखर नसते. मग ही गोडी आली कुठून? या एका प्रश्नाचा माग काढत गेलो तर जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडेसे संख्याशास्त्रही वाटेत भेटते. शिवाय शेवटी एक असा प्रयोग हाती लागतो, जो कोणत्याही शाळेत करता येईल. लागणारे साहित्य म्हणजे पातेले, गाळणी, चहापत्ती, साखर आणि केकसाठी वापरतात ती व्हॅनिला इसेन्सची छोटी बाटली.

जिभेला काय कळते?

आपल्याकडे सहा रस सांगितले आहेत : गोड, आंबट, खारट, कडू, तिखट आणि तुरट. आधुनिक शरीरशास्त्राप्रमाणे यांतल्या पहिल्या चार चवींसाठी जिभेवर स्वतंत्र ग्राही असतात. पाचवी चव उमामी. डाळ, टोमॅटो, अळिंबी यांसारख्या पदार्थांतल्या ग्लुटामेटमुळे ती येते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ती वेगळी ओळखली. तिखटपणा ही मात्र चव नसून उष्णता आणि वेदना जाणवणाऱ्या चेतातंतूंची तक्रार आहे. तुरटपणा हा बराचसा स्पर्श आहे. चहातले पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, तोंडातला बुळबुळीतपणा कमी होतो आणि जीभ खरखरीत वाटते.

म्हणजे कोऱ्या चहातून जिभेला कळते ते एवढेच : कॅफीनमुळे आणि काही पॉलिफेनॉलमुळे आलेला कडवटपणा, तुरटपणा, आणि साखर घातली असेल तर गोडी. 'चहासारखी चव' जिभेला कळत नाही. ती नाकाला कळते.

याची खात्री दोन मिनिटांत करून घेता येते. मुलांना चिमूटभर साखरेत थोडी दालचिनीची पूड मिसळून द्या. नाक चिमटीत धरून ती तोंडात टाकायला सांगा. काय लागते? फक्त गोड. आता नाक सोडा. एकदम दालचिनी! पूड तोंडात आधीपासून होतीच. पण तिच्या गंधाचे रेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकात जाऊ शकत नव्हते, कारण पुढून हवा बंद होती.

नाकात वर, भुवयांच्या पातळीच्या जवळपास, गंध ओळखणाऱ्या पेशींचा एक पट्टा असतो. माणसात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही असतात. त्यांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली आणि त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकच रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक प्रमाणात जागे करतो, त्यामुळे एवढ्याच ग्राहींच्या जुळण्यांतून असंख्य वास ओळखता येतात.

या पट्ट्यापर्यंत जायचे रस्ते दोन. हुंगताना हवा नाकपुडीतून आत जाते. घोट गिळताना ती घशातून वर चढते. दुसऱ्या रस्त्याने आलेला गंध मेंदू तोंडातल्या चवीच्या खात्यात जमा करतो, म्हणून आपण 'चहाची चव छान आहे' असे म्हणतो.

आपले आजी-आजोबा बशीत चहा ओतून भुरका मारतात, त्यालाही अर्थ आहे. बशीत पृष्ठभाग वाढतो आणि चहा लवकर निवतो. भुरक्यात हवेबरोबर चहाचे बारीक तुषार होतात आणि त्यांतला गंध घशामागून नाकाकडे जातो. चहाच्या कंपन्यांतले पगारी चहापारखी अगदी असाच मोठा आवाज करत चहा चाखतात. वर्गात भुरका मारायला एरवी परवानगी नसते. या तासापुरती द्यायला हरकत नाही.

साखरेला बांधलेले दोन वास

व्हॅनिला हे एका ऑर्किडच्या वेलीचे फळ आहे. ही वेल मूळची मेक्सिकोच्या बाजूची. तिचे फूल जेमतेम एक दिवस उमलते आणि त्यातला एक पातळ पडदा परागकणांना स्त्रीकेसरापासून वेगळे ठेवतो. त्यामुळे वेल दुसऱ्या देशांत नेली, ती वाढली, फुलली, पण शेंगा धरेनात. बेल्जियममध्ये चार्ल्स मॉरेन यांनी १८३६ साली हाताने परागीभवन करून दाखवले. मळ्यात झपाट्याने करता येईल अशी युक्ती मात्र १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. एका बारीक काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. आजही मादागास्करमध्ये किंवा आपल्या केरळ-कर्नाटकात व्हॅनिलाच्या मळ्यांत फुले अशीच एकेक करून हाताने फळवतात. म्हणूनच खरा व्हॅनिला इतका महाग असतो.

गंमत अशी की वेलीवरच्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास जवळजवळ नसतोच. वासाचा मुख्य रेणू व्हॅनिलिन शेंगेत असतो, पण ग्लुकोजच्या रेणूला बांधलेला असतो. असा जोडरेणू हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोहोचत नाही. शेंगा गरम पाण्यातून काढतात, लोकरीच्या घोंगड्यांत गुंडाळून ऊबेत घाम फोडतात आणि मग कित्येक आठवडे उन्हात-सावलीत वाळवतात. या काळात शेंगेतले विकर साखरेची गाठ सोडते आणि व्हॅनिलिन मोकळे होते.

चहाच्या पानाचेही असेच आहे. मळ्यातले ताजे पान चुरगाळले तर हिरव्या पाल्याचा वास येतो, चहाचा नाही. पान कोमेजवतात, मळतात किंवा चिरडतात, तेव्हा पेशी फुटतात. विकरे आणि त्यांची खाद्यद्रव्ये एकत्र येतात, आणि साखरेला बांधलेले लिनॅलूल, जिरॅनिऑल यांसारखे सुगंधी रेणू सुटे होतात. त्याच वेळी हवेतल्या ऑक्सिजनमुळे पॉलिफेनॉलचे रूपांतर थिॲफ्लेविन आणि थिॲरुबिजिन या पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांत होते. आपल्याकडे मिळणारी दाणेदार पत्ती ज्या यंत्रातून निघते, ते चिरडणारे, फाडणारे आणि वळवणारे सीटीसी यंत्र १९३० च्या सुमारास आसाममध्येच बनले. दाणा बारीक, म्हणून रंग लवकर उतरतो. टपरीच्या चहाला ती पत्ती मानवते, त्याचे कारण हेच.

बाजारातल्या बहुतेक पदार्थांत जो व्हॅनिला असतो तो शेंगेतून आलेला नसतो. फ्रान्समध्ये गोबले यांनी १८५८ साली शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळे केले आणि जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी १८७४ साली ते सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या एका पदार्थापासून तयार केले. रेणू तोच, उगम निराळा. शेंगेत व्हॅनिलिनबरोबर इतरही पुष्कळ सुगंधी पदार्थ असतात, म्हणून तिचा वास अधिक भरलेला वाटतो. आपल्या प्रयोगाला मात्र दुकानातली साधी इसेन्स पुरेशी आहे.

उकळायचा की मुरवायचा?

चहा करणे म्हणजे पानातून काही पदार्थ पाण्यात उतरवणे. कोणते आणि किती उतरतील, हे तापमान, वेळ आणि पाणी यांवर ठरते. कॅफीन आणि रंग गरम पाण्यात पहिल्या काही मिनिटांतच बऱ्यापैकी उतरतात. जड पॉलिफेनॉल हळूहळू येत राहतात, म्हणून पत्ती जास्त वेळ ठेवली की तुरटपणा वाढत जातो. हलके सुगंधी रेणू मात्र वाफेबरोबर निघून जातात. पातेल्यात पत्ती दहा मिनिटे उकळली की सारे घर घमघमते. तो घमघमाट म्हणजे कपातून वजा झालेला गंध!

दुधाच्या चहात हे खपून जाते. दुधातले केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलना बांधून घेते, तुरटपणा उतरतो. आले-वेलची गंधाची भर घालतात. कोऱ्या चहाला असा आधार नसतो, म्हणून तो उकळायचा नाही, मुरवायचा. चहा चाखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० साली ठरवून दिलेली रीत अशी : १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, वर झाकण, वेळ ६ मिनिटे. हे प्रमाण पारख्यांसाठी मुद्दाम कडक ठेवलेले आहे. पिण्यासाठी निम्मी पत्ती आणि तीन-चार मिनिटे पुरतात. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९९ अंश सेल्सियसला उकळते. चहाच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे. झाकण ठेवले की नाही, याचा फरक त्याहून फार मोठा.

व्हॅनिलिनचा स्वभाव लिनॅलूलहून वेगळा आहे. ते पाण्यात जास्त विरघळते आणि वाफेबरोबर सहजासहजी जात नाही. त्यामुळे व्हॅनिलाच्या चहाचा कप निवत आला, चहाचा स्वतःचा हलका सुवास उडून गेला, तरी तळाशी व्हॅनिला रेंगाळत असतो. मात्र दूध घातले तर व्हॅनिलिनचा काही भाग दुधातल्या प्रथिनांना चिकटतो आणि गंध मंदावतो. हा चहा कोराच प्यायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता पाण्याचा मुद्दा. आपला सारा परिसर काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि अनेक गावांत विहिरीचे व बोअरचे पाणी जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर चढतो, या त्याच्या खुणा सगळ्यांना माहीत आहेत. कोऱ्या चहात आणखी एक खूण दिसते. कप थोडा वेळ तसाच ठेवला की वर तेलकट दिसणारा तपकिरी तवंग येतो आणि तो हलवला की तुकड्या-तुकड्यांत फाटतो. तो तेलाचा नसतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले मायकेल स्पायरो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली दाखवून दिले की पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही असले की चहातल्या पदार्थांचे हवेच्या संपर्कात ऑक्सिडीकरण होऊन हा पापुद्रा बनतो. लिंबाचे काही थेंब पिळले तर तो बनत नाही, आणि चहाचा रंगही लगेच फिका होतो, कारण चहातली रंगद्रव्ये आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतात. एक कप बोअरच्या पाण्याचा आणि एक कप पावसाच्या पाण्याचा असे शेजारी ठेवून मुलांना निरीक्षण करायला सांगा. पाण्याच्या जडपणाचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही. आपल्या चहासाठी मात्र असे पाणी आधी काही मिनिटे उकळावे, निवू द्यावे, वरचे निवळ घ्यावे आणि पुन्हा उकळी आणावी.

व्हॅनिला 'गोड' कसा झाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हॅनिलिन जिभेच्या गोड ग्राहींना जागे करत नाही. इसेन्सचा थेंब नुसता जिभेवर ठेवला तर तो कडवटच लागतो. मग तो गोड का वाटतो?

कारण आपण तो वास कायम गोडाबरोबर अनुभवलेला असतो. आइस्क्रीम, बिस्किटे, केक, कस्टर्ड. हा वास आला की पाठोपाठ साखर येते, हे मेंदू शेकडो वेळा शिकलेला असतो. मग कधी साखर कमी असली तरी तो वासावरून गोडीची भर घालतो. अमेरिकेत फ्रँक आणि बायरम यांनी १९८८ साली दाखवले की स्ट्रॉबेरीचा वास घातल्यावर गोड फेटलेली साय अधिक गोड लागते, पण शेंगदाण्याच्या लोण्याचा वास घातला तर लागत नाही. आणि नाक बंद केले की स्ट्रॉबेरीचाही परिणाम नाहीसा होतो. म्हणजे वाढलेली गोडी नाकातून येत होती.

यात एक सावधगिरी हवी. चाखणाऱ्याला फक्त 'किती गोड?' एवढेच विचारले तर तो वासाचा सारा ठसा गोडीच्या आकड्यात ओततो. 'किती गोड?' आणि 'वास किती?' असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले तर गोडीची वाढ कमी दिसते. प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर अवलंबून असते, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जितक्या लवकर शिकावी तितके बरे.

जर ही गोडी शिकलेली असेल, तर ती घरोघरी सारखी असणार नाही. ज्या आजीने आयुष्यात आइस्क्रीम फारसे खाल्ले नाही, तिला व्हॅनिला गोड वाटेल का? उलट वेलची आणि जायफळ यांचा वास तिने पुरणपोळीत, श्रीखंडात, बासुंदीत अनुभवला आहे. तिच्या बाबतीत वेलचीने व्हॅनिलापेक्षा जास्त गोडी वाढवायला हवी. हा आमचा अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे तुमच्या वर्गातली मुले आपापल्या घरी तपासू शकतात.

आठ कप आणि एक नाणे

तपासायचे कसे? 'हा व्हॅनिलाचा, हा साधा, कोणता गोड?' असे विचारले तर प्रयोग तिथेच फुकट गेला. चाखणाऱ्याला आधीच कळता कामा नये.

या विचाराची एक प्रसिद्ध कथा चहाचीच आहे. इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड कृषी संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी सांगितले की कपात दूध आधी घातले की चहा आधी ओतला, हे त्यांना चवीवरून कळते. तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर विचार केला आणि १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात हा प्रयोग उदाहरण म्हणून मांडला. आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार कप निवडण्याचे ७० मार्ग आहेत, त्यांतला बरोबर एकच. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त १. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ज्वारी-कापसाच्या वाणांची तुलना करताना शेतातले वाफे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक वाटून घेतात, त्यामागे फिशर यांचीच विचारपद्धती आहे. कपाच्या जागी वाफा, एवढाच फरक.

आपला प्रयोग त्याहून सोपा आहे.

१. वर सांगितल्याप्रमाणे कोरा चहा मुरवून गाळून घ्या. दर कपाला एक सपाट चमचा साखर घालून ढवळा. हा सारा चहा एकाच भांड्यात करा, म्हणजे दोन्ही नमुन्यांत साखर तंतोतंत सारखी राहील.

२. चहाचे दोन समान भाग करा. एका भागात दर कपाला इसेन्सचा एक थेंब टाका. वास जेमतेम जाणवावा, भपकारा नको.

३. चहा कोमट झाला की प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्हींचे दोन-दोन घोट सारख्याच पेल्यांत द्या. आधी कोणता द्यायचा ते नाणे उडवून ठरवा. नोंद ठेवणारा एक आणि पेले देणारा दुसरा असावा. पेले देणाऱ्यालाही कोणता पेला कशाचा ते माहीत नसावे.

४. दोन घोटांच्या मध्ये पाण्याने चूळ भरायला सांगा. मग विचारा : कोणता जास्त गोड? 'सारखेच' हे उत्तर घ्यायचे नाही, एक निवडायलाच लावायचे.

५. हेच सारे पुन्हा एकदा, नाक चिमटीत धरून.

बारा विद्यार्थी असतील तर निव्वळ अंदाजाने सरासरी सहा जण व्हॅनिलाचा पेला निवडतील. दहा किंवा अधिक जणांनी तो निवडला, तर ते केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता १०० त सुमारे २ असते. आठ-नऊ जणांनी निवडला तर 'काहीतरी दिसते आहे, पण आणखी मुले घ्यायला हवीत' असे म्हणायचे आणि थांबायचे. नाक बंद असताना निकाल पुन्हा सहाच्या आसपास आला, तर गोडी नाकातून येत होती या म्हणण्याला बळ मिळते. तसे झाले नाही, तर इसेन्समध्ये जिभेला जाणवणारे आणखी काही आहे का, याचा शोध घ्यायचा. निकाल आपल्या अपेक्षेविरुद्ध आला तरी तो तसाच फळ्यावर लिहायचा.

एक सूचना. हा प्रयोग घोट-दोन घोटांचा आहे, मुलांना चहाची सवय लावण्यासाठी नाही. चहातले पॉलिफेनॉल भाजी-भाकरीतले लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीला लागूनच्या तासाला तो करू नये. वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. भाकरीबरोबर चहा घेणाऱ्या घरांनाही हे सांगण्यासारखे आहे.

एक चमचा कमी

या सगळ्याचा उपयोग काय? हिशोब करू. सपाट चमचाभर साखर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर ३२ ग्रॅम साखर एकट्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली व तत्सम सुटी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढ माणसासाठी साधारण २५ ग्रॅम. चहानेच ती ओलांडली! त्यात बिस्किटे, मिठाई, शरबत अजून धरलेलेच नाही.

वास साखरेची जागा घेऊ शकत नाही. त्याची मदत थोडी असते, आणि ती सवयीवर अवलंबून असते. पण दोन चमच्यांवरून दीडवर, मग एकावर येताना वेलचीचा चुरा उकळीच्या शेवटी घालून लगेच झाकण ठेवले, तर कप फिका वाटणार नाही, असे मानायला जागा आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरी तर हे करून पाहायलाच हवे. त्यासाठी महागडा व्हॅनिलाचा डबा आणण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या कोणत्या वासाला आपले कुटुंब 'गोड' मानते, एवढे शोधून काढले की पुरे.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एक तास चहाला द्या. मुलांना दोन प्रश्न घरी न्यायला सांगा : आजीला व्हॅनिला अधिक गोड वाटतो की वेलची? आणि धाकट्या भावंडाला? दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर ती का वेगळी आली याचा विचार मुलांनाच करू द्या.